जाणाऱ्याला कोण विचारतो?

साम्राज्यांचं रक्षण त्यांच्या सरहद्दींवर होतं, असं इतिहासाच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. मी ते रक्षण तीन वर्षं स्वतः केलेलं आहे. सोलापुरातून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, गाव संपतं तिथं, पत्र्याची एक खोली होती. आत एक तराजू, एक तीन पायांची खुर्ची, तिच्या चौथ्या पायाच्या जागी दोन विटा, आणि बाहेर रस्त्यावर आडवा टाकायला एक बांबू. हा जकात नाका. पुढे काही मैलांवर इंग्रजी मुलूख संपून मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, सुरू होई. एका अंगाला इंग्लंडचा बादशहा, दुसऱ्या अंगाला हैदराबादचा निजाम आणि मध्ये आम्ही दोघं, आमचे नाकेदार आणि मी. बांबू उचलायचं काम माझ्याकडे होतं.

नाकेदारांना नाव असणार, पण ते मी कुणाच्या तोंडून ऐकलं नाही. उंच, वाळलेले, डोक्यावर काळी टोपी. उन्हाळ्यात तिच्या कडेनं घामाची पांढरी रेघ उमटायची. अक्कलकोटच्या बाजूच्या खेड्यातले. बोलायचे मराठी, पण तराजूत वजनं टाकताना मोजायचे कानडीत, कारण लहानपणी शिकलेला आकडा खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत होतं. मी बी.ए. नापास होतो. नापास हा तपशील नाकेदारांच्या लेखी किरकोळ होता. ते मला सरसकट ‘बीए’ म्हणत.

माणूस ओळखायची त्यांची एक स्वतःची रीत होती. नाक्यावर आलेला माणूस आपल्या बोचक्याची गाठ कशी सोडतो, एवढंच ते बघत. जो मुकाट्यानं सोडतो तो बरा. जो सोडता सोडता बोलत राहतो, त्याच्या बोचक्याच्या तळाशी हात घालायचा. “आन् जो दुसऱ्याला सोडायला लावतो,” ते म्हणत, “त्याचं बोचकं बगूच नगा बीए. त्यात काय बी सापडत न्हाय. तो मानूस आदी सुपरिंटेंडेंटकडं जाऊन आलेला असतो.”

लाच ते घेत नसत. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्याला त्याचा फार त्रास होई. आंब्याच्या दिवसांत शेजारच्या नाक्यावरचे लोक आमरस खात आणि आम्ही आंबे मोजत असू. पण खरा कहर त्यांच्या गावच्या तुपाचा. दर दोन महिन्यांनी ते गावी जात आणि येताना गडूभर तूप आणत. अक्कलकोट रस्त्याच्या नाक्यावरचा माणूस ओळखीचा. “जावा की ओ, घरचंच तूप,” म्हणून तो सोडून देई. मग हे दुसऱ्या दिवशी सकाळी तो गडू घेऊन आमच्या नाक्यावर हजर. बांबूच्या पलीकडे उभे राहून मला सांगायचे, “बीए, माल आलाय.” मी तूप तोलायचं, जकात सांगायची, त्यांनी कनवटीचे पैसे काढून द्यायचे, मी पावती द्यायची, आणि मग बांबू उचलून त्यांना आत घ्यायचं.

एकदा तपासणीत सुपरिंटेंडेंटच्या हाती त्या पावत्या लागल्या. त्यांनी विचारलं, हे तूप तुळजापूर रस्त्यानं शहरात आलं का? नाकेदार म्हणाले, नाही. तेव्हा न आलेल्या मालाची पावती फाडल्याबद्दल त्यांना लेखी ताकीद मिळाली. ती त्यांनी घडी करून टोपीत ठेवली.

त्यांची एक कायमची तक्रार होती, आणि ती मी तीन वर्षांत इतक्यांदा ऐकली की तिचा अर्थ माझ्या कानांत जाईनासा झाला होता. “येनाऱ्याला समदे विचारत्यात. जानाऱ्याला कोन विचारतो?”

गोष्ट अशी होती. जकात शहरात येणाऱ्या मालावर. डोक्यावर भाजी घेऊन आलेली म्हातारी आम्ही थांबवू शकत होतो. बाहेर जाणाऱ्याशी आमचा संबंध एकाच वेळी येई. जकात भरून आत आणलेला माल कुणी परत बाहेर नेत असेल, तर त्याला भरलेल्या जकातीचा परतावा मिळे. परतावा मागितला की माल उघडून, तोलून बघायचा, असा नियम. न मागणाऱ्याला ‘काय नेतोस’ म्हणून विचारण्याचा अधिकार आम्हाला नव्हता.

आणि दर गुरुवारी एक टांगा न विचारता बाहेर जाई. तो एका रावबहादुरांचा. सुताचे मोठे व्यापारी, गावातल्या तीन-चार कमिट्यांचे अध्यक्ष. टांग्यात त्यांचे दिवाणजी आणि दिवाणजींच्या पायाशी सुताचे गठ्ठे. गठ्ठ्यांत सुताच्या आत रुपयांच्या पिशव्या आहेत आणि त्या मोगलाईतल्या एका पेढीवर जातात, हे साऱ्या सोलापूरला ठाऊक होतं. इकडे मिळकतीवर इन्कमटॅक्स, तिकडे तो नाही. हुंडी केली तर कागद होतो, म्हणून रोकड. वाटेवर चोरांचं भय, म्हणून वर सूत. सोलापूरला ठाऊक होतं म्हणजे काय, सोलापूरला त्याचं कौतुक होतं. चहाच्या दुकानात लोक सांगत, “रावबहादुरांनी सरकारला बनवलं की!” जणू त्या बनवण्यातला वाटा सांगणाऱ्यालाही मिळणार होता.

एका गुरुवारी रावबहादूर स्वतः मोटारीनं निघाले होते. मी डबा खायला बसलो होतो आणि बांबू खाली राहिला होता. मोटार थांबली. नाकेदार हळूहळू तिच्याजवळ गेले.

“काय नाकेदार, आज आमची झडती का?”

“झडतीचा अदिकार न्हाय ओ. निस्तं विचारतो. पैसा कुटं चालला?”

रावबहादुरांना चार माणसं ऐकायला असली की उत्तर द्यायला आवडे, आणि तिथं दोन गाडीवान आणि एक मेंढरंवाला उभे होते. ते म्हणाले, “इंग्रजाला कर द्यायचा आणि त्यानं त्या पैशाच्या काठ्या घेऊन आपल्याच पोरांच्या पाठीत घालायच्या, हे मला पटत नाही. मी माझा पैसा त्याच्या हाती लागू देत नाही. याला देशसेवा म्हणतात.”

“मग त्यानं दिल्याली रावबहादुरकी परत केली का ओ?”

मेंढरंवाला हसला. रावबहादूर हसले नाहीत. “पदवी वेगळी, पैसा वेगळा.”

“आन् मोगलाईत कुनाचं स्वराज्य लागलंय?”

“हे बघा,” रावबहादुरांचा आवाज चढला, “पैसा माझा आहे. मी तो विहिरीत टाकीन.”

“टाका की,” नाकेदार म्हणाले. “हितल्या विहिरीत टाका, म्हंजे झालं.”

मी धावत जाऊन बांबू उचलला.

खरं सांगायचं तर रावबहादुरांचं म्हणणं मला त्या वेळी अगदीच टाकाऊ वाटलं नाही. परक्या सरकारला पैसा का द्यावा, हा प्रश्न आमच्या वयाच्या सगळ्यांनाच पडलेला होता. मी नाकेदारांना तसं म्हणालो. त्यांनी मोटारीनं उडवलेल्या धुरळ्याकडे बोट केलं. “ह्यो रस्ता कुनाच्या पैशानं झाला? त्या भाजीवाल्या म्हातारीच्या. मोटार कोन फिरवतो? ह्ये. चोरी झाली तर पोलिस कुटला बोलवत्यात? हितला. पानी हितलं, कोरट हितलं. पैसा तेवढा तिकडला. सरकार परकं हाय ना, मग म्हातारीनं बी नाका चुकवून भाजी आनावी की.”

मी म्हणालो, जकात निराळी आणि इन्कमटॅक्स निराळा. एक नगरपालिकेची, एक सरकारचा.

“खिसा तर येकच की,” नाकेदार म्हणाले.

त्या काळात भवानी पेठेत दवाखान्याचा एक फंड चालू होता. गिरणीतल्या कामगारांना गिरणीचा डॉक्टर असे; घरी मागावर विणणाऱ्या पद्मशाली लोकांना कुणी नव्हतं. नरसय्या नावाचा एक म्हातारा विणकर होता. त्याची मुलगी बाळंतपणात अडली, तेव्हा तिला खाटेवर घालून मोठ्या दवाखान्यात न्यायला निघाले होते. ती वाटेत गेली. त्यानंतर नरसय्यानं घरोघर फिरून, दर बाजाराच्या दिवशी प्रत्येक मागाकडून एक पैसा गोळा करायला सुरुवात केली. पेठेत एक खोली घ्यायची आणि एक शिकलेली नर्स ठेवायची, एवढंच त्याच्या मनात होतं. पाच वर्षं तो फिरला. पैसे साठले तेव्हा लोक म्हणाले, एवढी रक्कम एका विणकराच्या घरात बरी नव्हे. एखाद्या प्रतिष्ठित माणसाच्या हवाली करावी. मग कमिटी झाली. रावबहादूर तिचे अध्यक्ष आणि खजिनदारही झाले. नरसय्याच्या बायकोनं घरच्याच हिरव्या पट्ट्यांच्या कापडाच्या पिशव्या शिवल्या, नरसय्यानं प्रत्येकीवर निळीनं तेलुगूत आपल्या गल्लीचं नाव लिहिलं, आणि पेठेनं त्या पिशव्या वाजतगाजत रावबहादुरांच्या घरी पोचवल्या.

पुढच्या उन्हाळ्यात एका गुरुवारी दिवाणजी आजारी होते आणि टांग्यात त्यांचे धाकटे भाऊ आले. हे गृहस्थ दुकानात परताव्याचं काम बघत. बाहेर जाणारं सूत दिसलं की परतावा मागायचा, ही त्यांची वीस वर्षांची सवय. परताव्याचे सहा आणे होत होते. त्यांनी टांगा थांबवला, आमच्या खिडकीत आत आणल्याची जुनी पावती सरकवली आणि म्हणाले, “दोन गठ्ठे सूत. परतावा द्या.”

नाकेदारांनी ती पावती उजेडात धरली. उलटी करून बघितली. मग इतक्या मऊ आवाजात बोलले की मी चमकून वर पाहिलं.

“परतावा मागताय नव्हं?”

“मागतोय म्हणजे? हक्काचा आहे.”

“व्हय व्हय, हक्काचाच. बीए, गठ्ठे उतरवा. सोडून तोलायचे हायत.”

तेव्हा कुठं त्या माणसाच्या लक्षात आलं. “राहू द्या, राहू द्या. नको परतावा. सहा आण्यांचं काय मोठं!”

“असं कसं ओ? अर्ज तर झाला. आता नियमानं बगावं लागतं.”

पहिल्या गठ्ठ्यात सुताच्या आत रावबहादुरांच्या दुकानाच्या पिशव्या असतील, अशी माझी अपेक्षा होती. सूत बाजूला केलं तर हिरव्या पट्ट्यांचं कापड निघालं. वर निळीची तेलुगू अक्षरं. मला ती वाचता येत नव्हती, पण ती मिरवणूक याच डोळ्यांनी पाहिली होती. चार पिशव्या. दवाखान्याचा सबंध फंड.

नाकेदारांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग मला म्हणाले, “जावा, नरसय्याला आना.”

नरसय्या आला. पिशव्यांकडे बघून त्याला आधी आनंदच झाला. “खोली घेतली काय?” त्यानं विचारलं.

सुपरिंटेंडेंट आले, मागोमाग रावबहादूर आले. रावबहादूर जराही गडबडले नाहीत. म्हणाले, “इथल्या बँकेत व्याज काय मिळतं? मोगलाईतल्या पेढीवर दीडपट मिळतं. गरिबांचा पैसा वाढावा म्हणून मी हे करतो आहे. कायद्यात कुठं बंदी आहे, दाखवा.”

कायद्यात बंदी नव्हती. माणसानं आपला किंवा आपल्या हवाली केलेला पैसा मोगलाईत ठेवू नये, असं कुठल्याच पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. जकातीच्या पुस्तकात तर पैसा हा मालच नव्हे.

नरसय्या कुठल्याही मोठ्या माणसाला ‘अय्या’, म्हणजे तेलुगूत ‘साहेब’, म्हणे. तो म्हणाला, “अय्या, आमाला व्याज नको. नर्स पायजे. पैसा हितंच ऱ्हाऊ द्या.”

“नरसय्या, तुला यातलं कळत नाही,” रावबहादूर प्रेमानं म्हणाले, “म्हणून तर तुम्ही मला अध्यक्ष केलं.”

“त्याला येवडं कळतंय,” नाकेदार म्हणाले, “का त्याची पोरगी हितं मेली. मोगलाईत न्हाय.”

सुपरिंटेंडेंटनी त्यांना गप्प बसायला सांगितलं, मालाचं वर्णन चुकीचं असल्यामुळे सहा आण्यांचा परतावा नामंजूर केला आणि गठ्ठे बांधून द्यायला लावले. ते मीच बांधले. टांगा मोगलाईकडे गेला.

नाकेदार त्यानंतर महिनाभर सुट्टीच्या दिवशी भवानी पेठेत घरोघर फिरले. सगळ्यांनी मिळून पैसा परत मागा, एवढंच ते सांगत. लोक ऐकून घेत आणि म्हणत, रावबहादूर स्वतःचा पैसा जिथं ठेवतात तिथं आपला ठेवला, म्हणजे आपला मानच झाला की. नाकेदार चिडून घरी येत आणि सोमवारी येणाऱ्यांची बोचकी जास्तच कसून तपासत. गरीब माणसांना त्यांच्या संतापाचा त्रास सगळ्यांत जास्त झाला, हे त्यांच्या बाजूनं लिहिताना लपवण्यात अर्थ नाही.

पावसाळा संपता संपता मोगलाईतली ती पेढी बसली. तिच्या दाराला कुलूप लागलं. आणि मग एक गोष्ट बाहेर आली. पेढी डळमळतेय हे रावबहादुरांना आधीच कळलेलं होतं. स्वतःची रोकड त्यांनी चैत्रातच हळूहळू मोटारीनं परत आणली होती. पेढीवाल्यानं बोभाटा करू नये यासाठी, काढलेल्या रकमेच्या बदली, दवाखान्याचा फंड तिथं नेऊन ठेवला. त्या चैत्रात ती मोटार आमच्याच नाक्यावरून आत आली होती. रोकडीवर जकात नाही, म्हणून आम्ही तिला कधी थांबवलं नाही. बांबू उचलणारा मीच.

लोक वकिलाकडे गेले. वकिलांनी सांगितलं, ठेव निजामाच्या हद्दीतली, पेढी निजामाच्या हद्दीतली. इथल्या कोर्टाचा हात तिथं पोचत नाही. निजामाच्या हद्दीत गेले तर तिथं सांगितलं, ठेव रावबहादुरांच्या नावावर आहे, त्यांनी यावं. रावबहादुरांनी प्रकृतीच्या कारणानं प्रवास वर्ज्य केला होता.

मग कमिटीची सभा झाली. माझं अक्षर चांगलं म्हणून वृत्तान्त लिहायला मला बोलावलं होतं. रावबहादुरांनी बोलायला उभं राहताच रुमाल डोळ्यांना लावला. समाजकार्यात अशा आपत्ती यायच्याच, असं ते म्हणाले. नाकेदार मागे उभे होते. ते मोठ्यानं म्हणाले, “आपत्ती तुमच्यावर कदी आली ओ? तुमचा पैसा तर चैतातच घरी आला!” त्यांना दोघा स्वयंसेवकांनी दंडाला धरून बाहेर नेलं. नरसय्या पहिल्या रांगेत बसून होता. पाच वर्षं ज्यांच्याकडून पैसा घेतला, ते सगळे त्याच्याकडे बघत होते. रावबहादुरांकडे कुणी बघत नव्हतं. सभेनं रावबहादुरांनी घेतलेल्या श्रमांबद्दल त्यांचे आभार मानले. ते वाक्य माझ्या अक्षरात आहे. नको म्हणण्याइतकं धैर्य माझ्याकडे नव्हतं, आणि सभेत चहाही चांगला होता.

दीड वर्षानं मोगलाईतल्या कुणा अधिकाऱ्यानं त्या पेढीचा निकाल लावला आणि ठेवीदारांना वाटणी केली. रावबहादुरांनी आपल्या नावाची वाटणी घ्यायचा अधिकार मोठ्या मनानं नरसय्याला लिहून दिला. म्हातारा बैलगाडीनं गेला आणि चौथ्या दिवशी आमच्या नाक्यावर आला. त्याच्या मांडीवर एक लहानसं पोतं होतं. त्यात हाली पैसे होते, निजामाच्या टांकसाळीतले, तांब्याचे. रुपया एकही नव्हता.

मी बांबू उचलला. नाकेदार म्हणाले, “थांबा.”

त्यांनी जकातीचं पुस्तक काढलं. चालू नाण्याला माफी, असं त्यात होतं. चालू म्हणजे इंग्रजी, कलदार. हाली नाणं सोलापुरात चालू नव्हतं. चालू नाही तर नाणं नाही; नाणं नाही तर तांबं. तांब्यावर जकात होती.

इतकी वर्षं मी त्या माणसावर हसलो होतो, वैतागलो होतो. संतापलो त्या दिवशी पहिल्यांदा. “नाकेदार, लाज वाटू द्या,” मी म्हणालो. “दवाखान्याचे पैसे आहेत ते. कुणी बघत नाही. सोडा त्याला.”

त्यांचा चेहरा काळवंडला होता. “माज्या मानसाला सोडायचं, दुसऱ्याला धरायचं,” ते म्हणाले, “मग त्या रावबहादुरात आन् माज्यात फरक काय ओ बीए?”

“मग त्याला धरायचं होतंत!”

“त्याचा नियम न्हाय. ह्याचा हाय.” आणि ते पुस्तक त्यांनी इतक्या जोरानं आपटलं की खुर्चीखालची वीट सरकली.

नरसय्या आमच्या दोघांकडे बघत होता. भांडण आपल्यामुळे चाललंय, एवढंच त्याला समजलं असावं. त्यानं स्वतःच पोतं उचलून पारड्यात ठेवलं. “किती होते ते घ्या, अय्या.”

नाकेदार कानडीत मोजू लागले. मध्येच चुकले. पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

नाकेदार थोड्याच महिन्यांत नोकरी संपवून गावी गेले. मीही नाका सोडला. भवानी पेठेत नर्स आली नाही. तुळजापूर रस्त्यानं मोगलाईत गेलेल्या आणि तिकडून आलेल्या सगळ्या पैशावर माझ्या तीन वर्षांच्या नोकरीत एकूण तीन आणे कर वसूल झाला. पावती नरसय्याच्या नावावर आहे.